झाकणांचा मासा

"ताई, येक सांगू का? राग नका मानू. त्या वरल्या बाबांकडं जरा जाऊन बघा."

हौसाबाई हे म्हणाली तेव्हा ती आमच्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होती. जुने कपडे घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात नवं स्टीलचं भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावर पाटी घेऊन ती आमच्या इमारतीचे चारही मजले चढायची.

"का? काय झालं?" मी दारातूनच विचारलं. दीड वर्षाची जुई कडेवर होती आणि माझ्या कानातलं ओढत होती.

"झालं काय न्हाई. सोळा साड्या दिल्या त्यांनी. चांगल्या, येक बी इरलेली न्हाई. म्या म्हनलं, घ्या बाबा, दोन डबं घ्या, परात घ्या. तर नगं म्हनलं. कायच नगं म्हनलं. तीस वर्सं म्या ह्या धंद्यात हाय. भांडं नगं म्हननारं घर म्या बघितलं न्हाई."

"अहो मावशी, काकू गेल्या ना चैत्रात. एकट्या माणसाला कशाला हवीत भांडी?"

"तसं बी असंल," ती म्हणाली. तंबाखू तोंडात टाकून तिने पाटी उचलली. "पर तुमी बघा जाऊन."

मी गेले नाही. मला वाटलं, तिचा राग माझ्यावर आहे. कारण गेले पंधरा दिवस इमारतीतलं जुनं-पानं तिच्या पाटीकडे न जाता माझ्या हॉलमध्ये येऊन पडत होतं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कऱ्हाडला राहत होतो, पहिल्या मजल्यावर. दिवाळी तोंडावर आलेली, घराघरांत साफसफाई चाललेली. पलीकडच्या पेठेतल्या वाचनालयाने 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा ठेवली होती. मी बीएस्सी झालेली, वर्गात पहिली आलेली, आणि दीड वर्ष घराबाहेर न पडलेली. जुई किती चमचे भात खाते, किती पाणी पिते, हे मी एका वहीत लिहीत असे. सुहास, माझा नवरा, त्या वहीला 'पंचनामा' म्हणायचा. हसू दे. माझी नजर बारीक आहे याचा मला तेव्हाही अभिमान होता.

स्पर्धेचा कागद पाहिला आणि मी ठरवलं, मासा करायचा. नदीकाठचं गाव, त्याला मासा शोभेल. पार्किंगमध्ये कुणीतरी टाकलेलं प्लायवुडचं जुनं दार सुहासने वर आणून दिलं. त्यावर मी खडूने मासा काढला, साडेपाच फुटी. कल्ल्याला कुकरची जुनी रिंग, शेपटीला झारे आणि उलथणी, आणि खवल्यांना झाकण्या, ताटल्या, वाट्या. मग बारा घरांत सांगून आले: टाकू नका, मला द्या.

"केतकी, आमच्या ह्यांनाही घेऊन जा बाई," दुसऱ्या मजल्यावरच्या जाधववहिनी म्हणाल्या. "टाकाऊच आहेत. टिकाऊ करून परत दे."

लोकांनी दिलं, पण आपल्याकडे लोक भांडं टाकतात ते अगदी टाकण्यासारखं झाल्यावरच. चेपलेलं, कान तुटलेलं, करपून काळं पडलेलं. माझा मासा आठवडाभर महारोग झाल्यासारखा दिसत होता. चमक आणली ती तासगावकर काकांनी.

विश्वंभर तासगावकर चौथ्या मजल्यावर राहायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे पत्रे बसवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. मूलबाळ नाही, मिरजेला एक पुतण्या. रोज सकाळी अकराच्या सुमाराला ते कापडी पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. चपला काढून आत येणं त्यांना अवघड वाटे.

"केतकी, हे चालेल का बघ तुझ्या माशाला."

"काका, अहो हे तर नवंच आहे!"

"असू दे. पडून आहे."

"काय काय पडून असतं हो तुमच्याकडे!"

"असतं," ते म्हणाले. "माणूस एकटा पडला की सगळंच पडून राहतं."

मी हसले. मला तो विनोद वाटला. ते माझ्या हातातल्या ताटलीकडे बघत राहिले आणि जाताना जुईच्या गालाला बोट लावून गेले. एकदा मी विचारलंही होतं, जेवणाचं काय करता म्हणून. "खानावळीचा डबा आहे की," ते म्हणाले. मला तेवढं पुरलं.

काकांची भांडी मी नावं वर करून मांडायची. आपल्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव पडतंच; कुणी दिलं, कशाला दिलं, कुठल्या साली. टिंबाटिंबांनी कोरलेली ती अक्षरं खिडकीच्या उजेडात अशी लुकलुकायची, की मासा नुकताच पाण्यातून काढलाय असं वाटावं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं. जो येईल त्याला मी ते दाखवत असे.

स्पर्धेच्या आधीचा शनिवार. सकाळी काका आले आणि त्यांनी पिशवीतून एक छोटं पातेलं काढलं. आत तपकिरी डाग होता, कितीही घासला तरी न जाणारा. सोबत सांडशी.

"आता हे शेवटचं," ते म्हणाले. "याउपर काही नाही माझ्याकडे."

"काका, हा तर डोळा!" मी जवळजवळ ओरडलेच. आठ दिवस मी माशाचा डोळा शोधत होते. तो डाग म्हणजे थेट बुबुळ. "सगळ्यात भारी वस्तू तुम्ही शेवटी काढलीत."

"आवडलं ना? मग झालं."

ते जिना चढून गेले. दर मजल्यावर थांबत गेले, तेही मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुहास ड्रिलने भोकं पाडणार, आम्ही एकेक भांडं तारेने बांधणार आणि सोमवारी वाचनालयात पोचवणार, असा बेत होता. शेपटीजवळची एक ओळ आधीच्या रविवारी बांधून झाली होती. बाकीचा मासा नुसता मांडलेला.

दुपारी जुई झोपेना. तिला धारदार कडांपासून लांब ठेवायचं म्हणून मी तिला मांडीत घेऊन माशाशेजारी बसले आणि वाचायचा खेळ काढला. ती भांड्यावर बोट ठेवणार, मी नाव वाचणार.

"सौ. शालिनी वि. तासगावकर. वास्तुशांत, १९८९. हे काकूंचं."

"काऊ," जुई म्हणाली. दुसरं बोट.

"चि. सौ. कां. शालिनी हिस मामांकडून, १९७४. हेही काकूंचं."

"काऊ."

"शालिनी-विश्वंभर, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. काकूंचंच गं."

तिला त्या शब्दाची मजा वाटायला लागली. ती बोट ठेवायची आणि माझ्या आधीच म्हणायची, काऊ. आणि प्रत्येक वेळी तिचं बरोबर यायचं. ताट, वाटी, तांब्या, फुलपात्रं. परात. पोह्यांची कढई, तवा. फोडणीची पळी. कुकर. सकाळची सांडशी आणि पातेलं.

मी वाचायचं थांबले. माझ्या हॉलमध्ये एक अख्खं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. त्यात कमी असं काहीच नव्हतं.

खानावळीचा डबा लावलेला माणूससुद्धा ताट तेवढं ठेवतो. आणि डबा तरी कुठे येत होता? आमचं दार जिन्याला लागून. कोण चढलं, कोण उतरलं, मला चपलांच्या आवाजावरून कळतं. डबा आणणारी बाई दसऱ्यानंतर मी पाहिलीच नव्हती. पाहिली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं.

जुईला तशीच उचलली आणि वर गेले.

बेल वाजवल्यावर दार उघडायला इतका वेळ लागला, की मी पुन्हा हात उचलला होता. काकांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. पँटच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, नेहमीच्या भोकापासून चार बोटं आत.

काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "काका, चहा पाजता का? हिने दुपारभर डोकं उठवलंय."



"चहा? दूध नाही गं."

"कोरा करा."

"साखरही संपलीय."

"बिनसाखरेचा करा."

"केतकी," ते म्हणाले, "कशात करू?"

मी त्यांच्या बाजूने आत शिरले. ओटा पुसून लख्ख. फळ्या रिकाम्या, त्यांवर नवे कागद घातलेले, कुणी भाडेकरू येणार असल्यासारखे. खिडकीत एक पेला उपडा, आणि बिस्किटांचा उघडा पुडा. बिस्किटं हवा लागून मऊ पडली होती.

"शेवटचं कधी जेवलात?"

"जेवतो की."

"काका."

ते खुर्चीवर बसले. जुई खाली उतरली आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"शालू गेली तेव्हा तिच्या बहिणी पंधरा दिवस इथे आवरत होत्या," ते म्हणाले. "एकेक डबा उघडायच्या आणि रडायच्या. हिंगाच्या डबीवरून रडल्या. त्या तरी बहिणी. माझ्यामागे तो पुतण्या येणार, त्याला रजा नाही मिळत. म्हटलं, आपलं आपणच आवरून ठेवावं. कुणाला ताप नको."

"आणि जेवण?"

"ते राहूनच जातं. भूक लागायची थांबली. डबा तसाच परत जायचा, मग बंद केला." ते थोडं हसले. "तुला सांगू? तू एकेक भांडं घ्यायचीस ना, इतकी खूश व्हायचीस. मला वाटायचं, चला, चांगल्या घरी पडलं."

मला त्यांचा राग आला. आजही आठवलं की येतो, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावर असतो. बारा घरांत सगळ्यात बारीक नजरेची बाई मी. त्या माणसाने रोज सकाळी माझ्या हातात आपलं घर आणून ठेवलं, आणि मी त्याला विचारत होते, अजून एखादं ताट आहे का हो.

"चला खाली," मी म्हणाले.

"कशाला?"

"जेवायला."

"नको गं. खरंच इच्छा नाही."

"मग मदतीला चला. तुमची तीस भांडी खाली पडलीत. हिला कडेवर घेऊन ती तीन मजले मी चढवायची?"

आयुष्यभर कुणाला ताप द्यायचा नाही, या एकाच गोष्टीवर चाललेला माणूस. त्याला तिथेच पकडायला हवं होतं. ते उठले. कठडा धरून उतरले. प्रत्येक मजल्यावर आम्ही थांबलो आणि मी जुईला या कडेवरून त्या कडेवर घ्यायचं नाटक केलं.

घरात जुईसाठी केलेला मऊ भात होता. मी तूप-मीठ घालून कालवला. शेपटीची तार पिळून त्यांचंच ताट सोडवलं, धुतलं आणि समोर ठेवलं.

काकांनी ताट उजेडात धरलं. "याला भोक आहे."

"मागच्या रविवारी पाडलं. तुमच्याच ताटाला."

"मग आमटी वाढू नकोस," ते म्हणाले.

सहा घास. मध्ये एकदा हात थांबला, तेव्हा जुईने तिचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला, आणि तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्या दिवशी वहीत मी दोघांचे घास लिहिले.

ते बसले होते तोवर मी माशावरची त्यांची भांडी उचलत गेले. कढई, तवा, परात. शेवटी डोळा. त्या पातेल्यावर हात ठेवला तेव्हा, खोटं कशाला सांगू, क्षणभर मन मागे ओढलं. त्या पंधरा दिवसांत, दीड वर्षानंतर पहिल्यांदा, मी पुन्हा कुणीतरी आहे असं मला वाटलं होतं. मग मी ते उचललं आणि त्यात चहाचं आधण ठेवलं.

काकांनी मान वळवून माशाकडे पाहिलं. उरलं ते चेपलेलं, काळं, विरळ.

"अगं, खवले काढलेस की सगळे! सोमवारी काय नेणार?"

"काही नाही नेणार."

"माझ्यापायी?"

"तुमच्यापायी. बसा गप."

संध्याकाळी सुहास कामावरून आला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. अंगात पाणीच नव्हतं. डॉक्टर सुहासला बाहेर नेऊन म्हणाले, अजून तीन-चार दिवस गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. दोन दिवस सलाईन लागलं. मिरजेच्या पुतण्याला मी फोन केला तेव्हा तो रडलाच. रजेचं त्याने त्या वेळी एकदाही नाव काढलं नाही. सोमवार आला आणि गेला.

बुधवारी काका घरी आले. गुरुवारी सकाळी अकराला आमच्या दाराशी उभे, हातात पिशवी.

"आता काय आणलंत?"

त्यांनी पिशवीतून हातोडी काढली, मग रिव्हेटची पुडी. "तू तारेने बांधणार होतीस म्हणे. तार सैल पडते पोरी. पत्र्याला रिव्हेटच. चौतीस वर्षं गाड्यांचे पत्रे बसवले, रस्त्यात एक उडाला नाही. आण तो मासा."

"खवले कुठायत काका?"

"मागून आणू. पण मोडकं नको. प्रत्येक घरातून एकच झाकण घ्यायचं, वापरातलं, नावाचं."

"वापरातलं कोण देईल?"

"तू विचार तर खरी. मी येतो बरोबर."

आम्ही बारा घरं फिरलो, दोन दिवस लागले. कारण प्रत्येक घरात काकांना बसवून घ्यायचे. कुणाकडे चकलीचा पहिला घाणा तळला जात होता, कुणाला गळका नळ दाखवायचा होता. जाधववहिनींनी लग्नातल्या पातेल्याचं झाकण दिलं आणि म्हणाल्या, "आता दूध उतू गेलं की तुम्हालाच बोलवीन हं, काका." आणि खरंच बोलवायच्या. लोकांनी एकच दिलं असंही नाही. आपल्या घराचं नाव माशावर कुठे दिसेल, डोक्याकडे की शेपटीकडे, यावरून शेवटी भांडणं व्हायची वेळ आली.

पार्किंगमध्ये काका रिव्हेट ठोकत होते आणि मी जागा दाखवत होते. एक खवला दुसऱ्यावर किती चढवायचा, उजेड कुठून येतो, नाव कुठे वळवायचं. त्यांनी एकदाही माझ्या जागेत ढवळाढवळ केली नाही. मीही त्यांच्या हातोडीत केली नाही. डोळ्याची जागा तेवढी रिकामी होती. परत नेलेल्या भांड्यांतून काकूंची हिंगाची डबी काढून काकांनी स्वतःहून तिचं झाकण तिथे बसवलं. डबी ठेवून घेतली.

वसुबारसेच्या दिवशी मासा प्रवेशदाराच्या भिंतीवर चढला. वाचनालयाची स्पर्धा कधीच संपली होती, पण तिथले दोन सभासद कुणाकडून तरी ऐकून बघायला आले. त्यातले एक बराच वेळ नावं वाचत उभे राहिले.

"कुणी केलाय हा?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "खवले बारा घरांचे. हात माझे. पण मासा हिचा. हिला तो आधीच दिसत होता."

मला माझ्या लग्नातही एवढं कुणी मोठं केलं नव्हतं. अजूनही मी कऱ्हाडला गेले की आधी त्या भिंतीपाशी उभी राहते. आठ पावसाळे झाले, एक खवला निसटलेला नाही. नवे भाडेकरू येतात ते आपलं झाकण लावायला मागतात; आता तिथे सतरा घरांची नावं आहेत. जुई तिच्या मैत्रिणींना सांगते, हा आईचा आणि काकाआजोबांचा. मी तिला दुरुस्त करत नाही.

काका त्यानंतर सात वर्षं जगले. त्या भोकाच्या ताटात भाकरी खात आणि आमटी वाटीत घेत. मागच्या मार्गशीर्षात झोपेतच गेले. पुतण्या वेळेवर आला. आम्ही घर आवरलं. सगळं जागच्या जागी होतं, रात्रीचं ताट घासून पालथं घातलेलं. आम्ही डबे उघडले, आणि रडलो. त्याचा कुणाला काही ताप झाला नाही.

तुमच्या जिन्यातही असं एखादं दार असेल. वरच्या मजल्यावर, नाहीतर अगदी समोर. गेल्या काही दिवसांत त्या घरातून तुम्हाला काहीतरी मिळालंही असेल, चांगलं, न मागता. आज त्या दाराशी जा. बरं आहे ना, असं विचारू नका. बरं आहे असंच उत्तर येतं. चहा मागा. दूध नाही म्हणाले तर कोरा मागा. आणि बाहेर बसू नका, ओट्यापाशी उभे राहा. आधण कशात ठेवतायत, ते बघा.